इयर फाइव्हचं फ्रान्स एक्सचेंज: पहिल्या पत्रापासून परतीच्या भेटीपर्यंत

एक्सचेंज म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर पहिलं चित्र येतं ते परक्या घरात, परक्या ताटासमोर बसलेल्या आपल्या नऊ वर्षांच्या पोराचं. प्राथमिक शाळेत ते चित्र मुळातच पुसून टाकायला हवं. या वयात देवाणघेवाण वर्गावर्गात होते: दिवस जोडीदार शाळेत आणि रात्री सगळा वर्ग आपल्या शिक्षकांसोबत एका निवासी केंद्रात. एवढं पहिल्या बैठकीत ठरलं की पुढच्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

खालचं सगळं एक नमुना धरून लिहिलं आहे: दक्षिण इंग्लंडमधली सरकारी शाळा, इयर फाइव्हची (नऊ-दहा वर्षांची) तीसेक मुलं, फ्रान्सच्या उत्तरेला पा-द-काले भागात सँतोमेरच्या आसपासची जोडीदार शाळा, सोमवार ते शुक्रवार, बसने. वर्गात दोनचार मराठी घरांतली मुलं आहेत, त्यातल्या कुणाकडे भारतीय पासपोर्ट आहे आणि कुणी शाकाहारी आहे असंही धरलं आहे. एक्सचेंज अडतं ते बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी, कागदावर आणि ताटात, म्हणून लेखाचा मोठा भाग त्यांनीच खाल्ला आहे.

जोडीदार शाळा: बारा ते चौदा महिने आधी

शोध गावापासून सुरू करा. ब्रिटनमधल्या बऱ्याच गावांचं फ्रान्समधल्या एखाद्या गावाशी जुळं नातं असतं: कँटरबरीचं रँसशी, पोर्ट्समथचं काँशी, लेस्टरचं स्ट्रासबूर्गशी. आपल्या कौन्सिलकडे बहुधा या जुळ्या गावांची समिती असते आणि तिच्याकडे तिकडच्या माणसांचे चालू पत्ते असतात. आंतरजालावरून दहा शाळांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा समितीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचा फोन जास्त कामाचा.

इयत्तांची जुळणी सोपी आहे. आपला इयर फाइव्ह म्हणजे त्यांचा 'सेएम अं', इयर सिक्स म्हणजे 'सेएम दे'. पण फ्रान्समध्ये मुलांची इयत्ता जानेवारी ते डिसेंबर अशा जन्मवर्षावर ठरते, इंग्लंडमध्ये १ सप्टेंबरच्या हिशेबाने. त्यामुळे जोड्या लावताना चार महिन्यांचा फरक निघाला तर गोंधळू नका, तो चुकीच्या यादीमुळे नसतो.

खरा घोळ कारभाराचा असतो. इंग्लंडमध्ये मुख्याध्यापिका 'हो' म्हणाल्या की पुष्कळ दारं उघडतात. फ्रान्समध्ये प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक बहुधा स्वतः वर्ग घेणारा शिक्षकच असतो. इमारत आणि जेवणघर गावच्या नगरपालिकेचं, म्हणजे 'मेरी'चं. शिक्षक सरकारचे. रात्रीच्या मुक्कामाची सहल काढायची तर परवानगी शिक्षण खात्याच्या जिल्हा कार्यालयाची. म्हणून पहिल्याच पत्रात तीन गोष्टी विचाराव्यात: जेवणघरात आमची तीस मुलं बसतील का, आणि ते मेरीत कुणाला विचारायचं? तुमची शाळा आठवड्यात चार दिवस भरते की साडेचार? परतीच्या भेटीला तुम्ही मुक्कामी येणार की एका दिवसासाठी? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'बघू' असं आलं तरी चालेल. पहिल्या दोघांचं तसं चालत नाही.

तारीख

फ्रान्समध्ये हिवाळ्याच्या आणि वसंताच्या सुट्ट्या अ, ब, क अशा तीन विभागांत वेगवेगळ्या पडतात. पा-द-काले ब विभागात येतं, पॅरिस क मध्ये. आपला हाफ टर्म (सत्रामधली सुट्टी) या दोन्हींशी जुळेलच असं नाही. मे महिना बाहेरून फार छान दिसतो, पण १ मे, ८ मे, असेन्शनचा गुरुवार आणि व्हिट सोमवार या सुट्ट्यांनी तो पोखरलेला असतो. असेन्शनच्या गुरुवारला जोडून शुक्रवारही बहुतेक शाळा बंद ठेवतात. सुट्ट्यांमधल्या या जोडदिवसाला तिकडे 'पाँ', म्हणजे पूल, म्हणतात. जूनचा पहिला पंधरवडा सगळ्यात बरा: दिवस मोठा, सुट्टी बहुधा नाही (व्हिट सोमवार काही वर्षी जूनमध्ये येतो, तेवढं बघा) आणि वर्षभर पत्रव्यवहार होऊन गेलेला.

बुधवार मात्र लक्षात ठेवा. बहुतेक फ्रेंच प्राथमिक शाळा सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार अशा भरतात. बुधवारी शाळेला पूर्ण सुट्टी असते, नाहीतर फक्त सकाळचे तास. हे न पाहता 'मंगळ-बुध शाळेत' असा बेत आखणारे दरवर्षी कुलूपबंद फाटकासमोर उभे राहतात.

घरात मुक्काम का नको

इंग्लंडच्या शाळांसाठीची बालसुरक्षेची सरकारी नियमावली याबाबत स्पष्ट आहे. शाळेनं ठरवून परदेशी मूल इथल्या कुटुंबात ठेवलं, तर त्या घरातल्या जबाबदार प्रौढांची वाढीव डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी) करावी लागते, प्रतिबंधित व्यक्तींच्या यादीसकट. आपलं मूल फ्रान्समध्ये कुणाच्या घरी ठेवायचं तर डीबीएसकडून तिकडच्या माणसांची माहिती मिळूच शकत नाही; जोडीदार शाळेच्या शब्दावर विसंबावं लागतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडे फोन असतो आणि काही बिनसलं तर तो सांगू शकतो. नऊ वर्षांचं मूल अंथरूण ओलं झालं हेही परक्या भाषेत सांगू शकणार नाही. जोडीदार कुटुंबांना भेटायचंच असेल तर एका संध्याकाळी शाळेच्या पटांगणात, सगळ्यांसमोर, शिक्षक हजर असताना भेटा.

माणसं आणि पैसा

किती मुलांमागे किती मोठी माणसं, याचा एकच कायदेशीर आकडा इंग्लंडमध्ये नाही. शाळेच्या सहल समन्वयकांनी धोक्यांचा अंदाज घेऊन तो ठरवायचा असतो. परदेशी मुक्कामासाठी दहा मुलांमागे एक, अधिक एक जादा, ही चांगली सुरुवात. तीस मुलांना चार. त्यातल्या एकाला फोनवर भांडता येईल इतकं फ्रेंच यावं, एकाकडे प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र हवं, आणि चौघांत बाईही हव्यात, पुरुषही. चौथं माणूस चैनीचं वाटतं. पण एखादं मूल आजारी पडलं किंवा सीमेवर अडलं, की एक शिक्षक त्याच्याजवळ थांबतो आणि उरलेल्या तिघांना गट सांभाळावा लागतो.

खर्च मांडताना सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे बसचं भाडं आशेच्या आकड्याने भागणं. हिशेब कळावा म्हणून आकडे धरू: बस, समुद्रपार तिकीट आणि चार शिक्षकांचा मुक्काम मिळून ६,४०० पौंड, आणि प्रत्येक मुलाचा राहण्या-खाण्या-प्रवेशाचा खर्च २६० पौंड. तीस मुलं आली तर माणशी सुमारे ४७३ पौंड, चोवीसच आली तर सुमारे ५२७. तिसांचा भाव जाहीर केलात आणि चोवीस आले, तर १,२८० पौंडांचा खड्डा पडतो आणि तो शाळेनं भरायचा असतो. भाव चोवीसचा सांगा. जास्त आले तर पैसे परत करताना कुणी रागावत नाही.

सरकारी शाळांना आणखी एक बंधन आहे. सोमवार ते शुक्रवारची सहल शाळेच्या वेळेतली धरली जाते, म्हणून सक्तीनं आकारता येतो तो फक्त राहण्या-जेवणाचा खर्च, आणि काही ठरावीक सरकारी भत्ते घेणाऱ्या कुटुंबांकडून तोही नाही. बाकी सगळी ऐच्छिक वर्गणी. वर्गणी दिली नाही म्हणून मुलाला वगळता येत नाही. पुरेशी वर्गणी जमली नाही तर सहल रद्द मात्र करता येते. पालकांच्या पत्रात हे वाक्य पहिल्या पानावर असावं, तळटीपेत नाही.

सहल कंपनीमार्फत काढणार असाल तर तिच्याकडे शालेय सहलींचा 'एलओटीसी' गुणवत्ता बिल्ला आहे का ते बघा. बस थेट ठरवणार असाल तर चालकाचे तास स्वतः मोजा: साडेचार तास गाडी हाकली की ४५ मिनिटांची विश्रांती, दिवसाला नऊ तास चालवणं, आठवड्यातून दोनदाच दहा. संध्याकाळी मुलांना आइस्क्रीम खायला समुद्रावर नेऊ, हा बेत बहुतेक वेळा चालकाच्या या तासांवरच अडतो.

कागदपत्रं: इथं घाई करू नका

आठ महिने आधी प्रत्येक मुलाच्या पासपोर्टच्या मुख्य पानाची प्रत मागवा आणि एका तक्त्यात चार रकाने भरा: कोणत्या देशाचा, कधी दिला, कधी संपतो, व्हिसा लागतो का. 'सगळे ब्रिटिशच आहेत' हे गृहीत धरलं की निघायला सहा आठवडे उरले असताना धावपळ होते, कारण इथं जन्मलेलं प्रत्येक मूल ब्रिटिश नागरिक असतंच असं नाही.

ब्रिटिश पासपोर्टला दोन अटी. फ्रान्समध्ये शिरण्याच्या दिवशी तो दहा वर्षांपेक्षा जुना नको, आणि तिथून निघण्याच्या तारखेपुढे किमान तीन महिने वैध हवा. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचेच असल्यानं त्यांना दुसरी अट नडते. शिक्षकांना पहिली नडते, कारण २०१८ पूर्वी नूतनीकरण करताना जुने शिल्लक महिने नव्या पासपोर्टात जोडून मिळायचे. असा पासपोर्ट वरून वैध दिसतो, पण दहा वर्षं उलटून गेलेली असतात.

युरोपची नवी प्रवेश-नोंद पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली आहे. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, चेहऱ्याचा फोटो मात्र घेतात. डोव्हर आणि फोकस्टनला फ्रेंच पोलीस इंग्लंडच्या भूमीवरच तपासणी करतात, त्यामुळे तीस मुलांची रांग बोटीत चढण्याआधीच लागते. बस कंपनी सांगेल त्यापेक्षा जास्त वेळ हाताशी ठेवा आणि पासपोर्ट बसमधल्या बसण्याच्या क्रमानं लावून ठेवा, वर्णानुक्रमानं नाही.

आता भारतीय पासपोर्ट. इथल्या निवासाच्या परवान्यावर शेंगेनमध्ये, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, जाता येत नाही. अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. (मुलाकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते कार्ड, दोन्ही असतील तर प्रश्नच नाही. ओसीआय घरी ठेवा, ते इथं कुणी बघत नाही.) युरोपीय नियम सदस्य देशांना एक मुभा देतात: ब्रिटनमध्ये राहणारं, पण व्हिसा लागणाऱ्या देशाचं मूल शिक्षकासोबत शालेय गटातून येत असेल, तर त्याला व्हिसातून सूट देता येते. तुमच्या तारखेला फ्रान्स ही सूट कोणत्या फॉर्मवर देतं, हे फ्रान्सच्या अधिकृत व्हिसा संकेतस्थळावर आणि वकिलातीला पत्र लिहून शाळेनं विचारायचं, एकेकट्या पालकानं नाही. लेखी उत्तर हातात येईपर्यंत व्हिसा लागणार असंच धरून चला.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत ताणू शकतात. खरी टंचाई असते ती भेटीच्या वेळेची. उन्हाळ्याआधी लंडनच्या केंद्रात जागा मिळणं कठीण. म्हणून जूनच्या सहलीचा अर्ज फेब्रुवारीत. सोबत लागतं ते असं: दोन्ही पालकांच्या सह्यांचं संमतिपत्र, शाळेचं पत्र (तारखा, पत्ता, सोबतच्या शिक्षकांची नावं, खर्च कोण करतं), किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय विमा संरक्षण, आणि इथल्या निवासाचा पुरावा. शेवटच्यावर आता अर्ज अडतात, कारण जुनी निवास-कार्डं जाऊन त्या जागी ई-व्हिसा, म्हणजे निवासाची ऑनलाइन नोंद, आला आहे. मुलाचा पासपोर्ट मध्यंतरी नवा काढला असेल आणि ई-व्हिसाच्या खात्याला तो जोडलेला नसेल, तर नोंदी जुळत नाहीत. हे आधी तपासा, मग भेटीची वेळ घ्या. शैक्षणिक सहलीवर जाणाऱ्या शाळकरी मुलांना व्हिसाचं शुल्क माफ असतं. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. काउंटरवर शुल्क मागितलं तर शाळेचं पत्र पुढे करा आणि शांतपणे सांगा.

ताट

फ्रेंच शाळेत दुपारचं जेवण हा कार्यक्रम असतो. सुट्टी किमान दीड तासाची, बऱ्याच ठिकाणी दोन तासांची. सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ, चीज किंवा दही, फळ, आणि टेबलावर पाव. २०१९ च्या नोव्हेंबरपासून शाळांच्या जेवणघरात आठवड्यातून एकदा सगळ्यांना शाकाहारी जेवण देणं बंधनकारक आहे. 'एकदा' हा शब्द पुन्हा वाचा. बाकीच्या दिवशी पर्याय असेलच असं नाही.

'वेजेतारियाँ' एवढंच लिहून भागत नाही. मासे चालतात का, अंडं चालतं का, हे त्या शब्दात नाही, आणि भाज्यांच्या पदार्थात 'लार्दों', म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, सहज पडलेले असतात. दह्याच्या गोड डब्यात आणि रंगीत गोळ्यांत जिलेटिन असतं. म्हणून मेरीच्या जेवणघराला चार आठवडे आधी मुलाच्या नावासमोर स्पष्ट लिहून द्या: 'सां व्यांद' (मांस नाही), 'सां प्वासों' (मासे नाहीत), 'सां-झफ' (अंडं नाही), 'सां झेलातीन' (जिलेटिन नाही). ज्या घरात फक्त गोमांस वर्ज्य आहे त्यांनी 'शाकाहारी' असं लिहू नये. मूल पाच दिवस चिकनकडे बघत बसतं आणि घरी येऊन रडतं. निवासी केंद्रालाही हीच यादी वेगळी पाठवा, कारण शाळेचं स्वयंपाकघर आणि केंद्राचं स्वयंपाकघर यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

आता डब्याचा कायदा, जो मराठी घरांना हमखास चकवतो. ब्रिटनमधून युरोपीय संघात जाताना प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. हॅम-चीजचं सँडविच त्यात येतं, तसेच पेढे, बर्फी, पनीरचा पराठा आणि तुपाची बरणीही. पहिल्या दिवसाचा डबा फ्रान्सच्या भूमीवर उतरण्याआधी संपवायचा किंवा मग त्यात दूध-मांस ठेवायचंच नाही. बिनतुपाची पोळी-चटणी नाही तर भाकरी आणि केळं उत्तम. केळ्याला बंदी नाही, इतर बऱ्याच ताज्या फळांना कागद लागतो. शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की मात्र नको. त्याला कारण कायद्याचं नाही, बसमध्ये कुणाला दाण्याची ॲलर्जी असू शकते. परतीला उलटा नियम: १२ एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून ब्रिटनमध्ये येताना गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर यांचं मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे जोडीदार शाळेनं प्रेमानं दिलेलं चीज तिथंच संपवायचं. त्यांना हे आधी कळवलं तर ते बिस्किटांचा डबा देतात आणि कुणाचं मन मोडत नाही.

औषधं

प्रत्येक मुलाचं स्वतःचं जीएचआयसी कार्ड (युरोपात सरकारी उपचार मिळवून देणारं ब्रिटिश कार्ड) हवं. ते फुकट मिळतं, पालकांच्या कार्डावर मूल चालत नाही. हे कार्ड म्हणजे विमा नव्हे. फ्रान्समध्ये डॉक्टरचे पैसे बहुधा आधी स्वतः भरायचे आणि नंतर परतावा मागायचा असतो, त्यासाठी डॉक्टरकडून 'फय द स्वँ' हा कागद न विसरता घ्यावा. गटाचा विमा वेगळा हवाच. मुलाला घरी परत आणण्याचा खर्च कार्डावर निघत नाही.

तिकडे साधं पॅरासिटामॉलही सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, फक्त हिरव्या क्रॉसच्या फार्मसीत मिळतं. म्हणून तापाचं औषध, गाडी लागण्याच्या गोळ्या, इनहेलर सगळं इथूनच, मूळ वेष्टनात, मुलाच्या नावासकट, आणि मात्रा पालकांच्या हस्ताक्षरात. ॲड्रेनलिन पेन (तीव्र ॲलर्जीत टोचायचं इंजेक्शन) असलेल्या मुलानं दोन घ्यावीत, आणि ती बसच्या डिकीत नकोत, शिक्षकाच्या पाठीवरच्या पिशवीत हवीत. फ्रेंच शिक्षक लेखी वैद्यकीय आराखड्याशिवाय मुलाला औषध देत नाहीत, तेव्हा जोडीदार वर्गात असतानाही आपला शिक्षक जवळच हवा. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला थेट १५.

वर्षभराची ओळख

पाच दिवस तेव्हाच रंगतात जेव्हा मुलं एकमेकांना आधीपासून ओळखतात. सप्टेंबरात वर्गाचा फोटो आणि नावं, ऑक्टोबरात पहिलं पत्र, मग महिन्याला एक पार्सल किंवा एक व्हिडिओ भेट. पत्रं कागदावरच, हातानं लिहिलेली. फ्रेंच मुलं आडव्या-उभ्या रेघांच्या खास वहीवर एकमेकांना जोडलेल्या अक्षरांच्या वळणात लिहितात. इंग्लंडमधल्या मुलाला ते आधी कोडं वाटतं. त्यांचा १ आपल्या मुलांना ७ दिसतो, त्यांच्या ७ ला मधून काट असते, आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम. या फरकांवरच एक गणिताचा तास बेतावा. दोन्ही वर्गांनी एकाच वेळी भागाकार फळ्यावर मांडला की मांडणीचा फरक बघून पोरं थक्क होतात. भाषेच्या खेळापेक्षा गणिताचा तास जास्त जमतो, कारण तिथं कुणी मुकं राहत नाही.

फोटोंची परवानगी दोन्हीकडून लेखी आणि उपयोगानुसार वेगळी घ्या: वर्गातल्या भिंतीसाठी, शाळेच्या संकेतस्थळासाठी, स्थानिक वर्तमानपत्रासाठी. फ्रान्समध्ये या बाबतीत फार काटेकोर असतात. तसंच तिथल्या सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हं घालण्यास विद्यार्थ्यांना २००४ पासून बंदी आहे; गटात पटका किंवा हिजाब घालणारं मूल असेल तर पाहुण्यांबाबत काय करायचं हे तिकडच्या मुख्याध्यापकांशी कित्येक महिने आधी बोलून घ्या, फाटकापाशी नाही.

मराठी बोलणाऱ्या मुलांना इथं एक जादाचं भांडवल आहे, ते शिक्षकांना सांगायला हवं. इंग्रजी मुलांना 'त्यु' आणि 'वू' शिकवायला तास जातो. आपल्या पोराला 'तू' आणि 'तुम्ही' म्हटलं की झालं. वस्तूंना लिंग असतं यात त्याला नवल नाही. 'बों' मधला नाकातला स्वर त्याला जमतो, कोंकणी बोलणाऱ्या गोव्याच्या मुलाला तर अधिकच. आणि ज्यानं 'एकोणसत्तर' पचवलंय त्याला सत्तरसाठी 'साठ-दहा' म्हणणाऱ्या भाषेची काय भीती?

सगळ्या वर्गाकडून वीस वाक्यं पाठ करून घ्या, चाळीस नकोत. वर्गात शिरताना 'बोंझूर मेत्रेस' किंवा 'बोंझूर मेत्र्', दुकानात शिरताना 'बोंझूर मादाम' आणि मग 'झ वुद्रे… सिल् वू प्ले'. 'बोंझूर' न म्हणता मागणी केली तर ते तिकडे उद्धटपणाचं समजतात, आणि दुकानदार तोंड फिरवतो तो मुलांच्या उच्चारामुळे नव्हे.

ते पाच दिवस

सोमवारी पहाटे सहाला निघा. बोटीनं डोव्हर ते काले साधारण दीड तास, बोगद्यातून ३५ मिनिटं. बोट बरी, मुलांचे पाय मोकळे होतात. घड्याळ एक तास पुढे. केंद्रावर पोचल्यावर सामान लावण्याआधी आग लागल्यास बाहेर पडण्याची रंगीत तालीम घ्या, कारण रात्री दोनला गजर वाजला तर खोलीपासूनचा रस्ता पायाला माहीत हवा.

मंगळवारी पहिला शाळा-दिवस. गेटवर ओळखपत्रं तपासतात; सर्व मोठ्या माणसांची नावं आठवडाभर आधी पाठवलेली असावीत. तीस अधिक तीस मुलं एका वर्गात कोंबू नका. चार-चारच्या मिश्र गटांत विभागा, दोन आपली, दोन त्यांची, आणि आठवडाभर तेच गट ठेवा. सकाळी गणित आणि गाणं, जेवणानंतर पटांगणातले खेळ. साडेचारला सुटल्यावर 'गूते', पावात चॉकलेटची वडी घालून. दोस्ती बहुतेक इथं होते.

बुधवारी शाळा नाही, म्हणून बाहेर. निम्म्या दिवसाला एकच ठिकाण धरा. बूलोन्य-सूर-मेरचं नौसिका मत्स्यालय पावसाच्या दिवसाला चांगलं. पण भारतीय मुलं वर्गात असतील तर नव्ह-शापेलचं भारतीय स्मारक चुकवू नये. मार्च १९१५ मध्ये भारतीय सैन्य इथं लढलं. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४,७०० हून जास्त भारतीय सैनिकांची आणि मजुरांची नावं तिथं कोरलेली आहेत. १९२७ साली उभारलेलं हे स्मारक हर्बर्ट बेकरचं, ज्यानं नवी दिल्लीतल्या सचिवालयाच्या इमारतींचे आराखडे केले. स्तंभावर इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत मजकूर आहे. देवनागरी वाचता येणाऱ्या मुलाला तो मोठ्यानं वाचू द्या. तासभर पुरे, मुलांना प्रत्येकी एक नाव शोधून वहीत उतरवायला सांगा, भाषण करू नका.

गुरुवारी पुन्हा शाळा, आणि दुपारी मिश्र गटांनी गावातली खरेदी: प्रत्येक गटाला पाच युरो, तीन वस्तूंची यादी, बोलायचं इंग्लिश मुलांनी, पैसे मोजायचे फ्रेंच मुलांनी. खिशातला पैसा एकंदर तीस-चाळीस युरो पुरतो, दिवसागणिक पाकिटांत, पाकिटं शिक्षकांकडे. शुक्रवारी परत.

रात्रीचं थोडं. घरची आठवण दुसऱ्या रात्री सगळ्यात जास्त येते, पहिल्या रात्री दमणूक असते. झोपायच्या वेळी घरी फोन लावून दिला की एकाचं रडू खोलीभर पसरतं. फोन मुलांनी आणायचेच नाहीत. पालकांना शिक्षकांनी रोज संध्याकाळी एक निरोप पाठवावा. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांची माहिती पालकांकडून बंद पाकिटात घ्या आणि जादा चादर एका साध्या पिशवीत तयार ठेवा. मनगटपट्टीवर मुलाचं नाव नको, गटाचा फोन नंबर हवा. मोजणी डोक्यांवर हात ठेवून नाही, मुलांनी आपापला क्रमांक म्हणून. एक गप्प राहिला की कोण गेलं ते लगेच कळतं. आणि महामार्गावरच्या थांब्यावर उकिडवं बसायचं संडास लागलं तर इतर मुलं किंचाळतील, आपली निमूट जाऊन येतील. बॅग इतकीच भरा की मूल ती स्वतः दोन जिने चढवेल. ही परीक्षा घरीच, आदल्या रविवारी घ्या.

ते आपल्याकडे येतात तेव्हा

फ्रेंच वर्गाच्या भेटीचे कागद वेगळे. पालकांशिवाय देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी पालकांच्या सहीचं देशाबाहेर जाण्याचं परवानगीपत्र, सही करणाऱ्या पालकाच्या ओळखपत्राच्या प्रतीसह. हा नियम जानेवारी २०१७ पासून पुन्हा लागू आहे. ब्रिटनमध्ये शिरताना पाच किंवा जास्त विद्यार्थ्यांच्या शालेय गटासाठी एक खास फ्रान्स-ब्रिटन सहल फॉर्म आहे: तो भरला की युरोपीय नागरिक असलेली मुलं पासपोर्टऐवजी राष्ट्रीय ओळखपत्रावर येऊ शकतात, फ्रान्समध्ये राहणाऱ्या इतर देशांच्या मुलांना पासपोर्टवर व्हिसाशिवाय येता येतं, आणि मुलांना ईटीए (ब्रिटनची आगाऊ ऑनलाइन प्रवास-परवानगी) काढावा लागत नाही. सोबतच्या फ्रेंच शिक्षकांना मात्र पासपोर्ट आणि ईटीए दोन्ही हवेत, आणि हे त्यांच्यापैकी निम्म्यांना निघायच्या आठवड्यापर्यंत ठाऊक नसतं. म्हणून परतीच्या भेटीच्या तीन महिने आधी तिकडच्या प्रत्येक मोठ्या माणसाला, स्वयंसेवक पालकांसकट, एक ओळीचं पत्र पाठवा: पासपोर्ट आहे का, कधी संपतो, ईटीए काढला का.